विश्लेषण : वारसदार नायिकेच्या कादंबऱ्या आणि डॉ. रखमाबाईंचा खटला... नांदायला नकार देणाऱ्या मुलीचे पुढे काय झाले?

वाड्याची, जहागिरीची किंवा पेढीची एकुलती एक वारसदार मुलगी. तिच्या इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला एखादा मामा, काका किंवा होऊ घातलेला नवरा. मग कारस्थान, संकटे, सुटका आणि शेवटच्या प्रकरणात मनाजोगत्या वराशी लग्न. गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या वाचनालयांतून ऐतिहासिक आणि प्रणयरम्य कादंबऱ्या घरी नेणाऱ्या वाचकांना हा साचा तोंडपाठ आहे. मात्र याच मुंबईत एकोणिसाव्या शतकात अशा एका वारसदार मुलीची गोष्ट खरोखर घडली. तिच्या गोष्टीत लग्न पहिल्याच प्रकरणात झाले आणि पुढची सगळी लढाई त्या लग्नात नांदायचे की नाही यावर झाली. त्या मुलीचे नाव रखमाबाई. हा खटला काय होता, त्यात मालमत्तेचा भाग किती होता आणि त्यातला कायदा आजही का चर्चेत येतो, याचा आढावा.

कादंबरीतली वारसदार नायिका कशी असते?

मराठी कादंबरीचे बालपण बरेचसे मुंबईत गेले. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. संकटांतून तावून सुलाखून निघणाऱ्या सद्गुणी नायिका आणि राजकन्यांच्या प्रेमकथा यांवर त्या काळचा वाचक खूश होता. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ने १८७१ मध्ये ऐतिहासिक कादंबरीची वाट पाडली. मुंबईतून १८६७ मध्ये सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकाचे ते संपादक होते.

तिकडे इंग्रजीत वारसदार नायिका आणखी ठळक होती. विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’ (१८६०) मध्ये नवरा बायकोचा पैसा लाटण्यासाठी तिला दुसऱ्याच नावाने वेड्यांच्या इस्पितळात डांबतो. हेन्री जेम्सच्या ‘वॉशिंग्टन स्क्वेअर’ (१८८०) मध्ये नायिकेचा वारसा जाण्याची शक्यता दिसताच तिचा प्रियकर पाय काढता घेतो.

या बहुतेक कथांत पैसा मुलीच्या नावावर असतो. त्याचे काय करायचे ते मात्र वडील, पालक किंवा नवरा ठरवतो. वाचकाची उत्सुकता खरा नायक कोण, एवढ्यापुरती असते. मुळात लग्नच नको, असे म्हणण्याची मुभा नायिकेला क्वचितच मिळते. रखमाबाईंचे वेगळेपण इथेच सुरू होते.

रखमाबाई वारसदार कशा झाल्या?

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. रखमाबाई दोन-अडीच वर्षांच्या असताना वडील गेले. त्या वेळी आई जेमतेम १७ वर्षांची होती. वडिलांची मालमत्ता जयंतीबाईंकडे आली.

सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे विधुर, मुंबईतले नामवंत डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. ज्या सुतार समाजातले हे कुटुंब होते, तिथे विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती.

आडकाठी होती ती मालमत्तेची. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याने विधवेला लग्नाची मोकळीक दिली, पण दुसरे लग्न केले की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपेल, असेही त्याच कायद्यात लिहून ठेवले. जयंतीबाईंनी पुनर्विवाहाआधी ती मालमत्ता मुलीच्या नावे केली. अशा रीतीने शाळकरी वयातली रखमाबाई वारसदार झाली. त्या काळच्या मराठी घरात मुलीच्या नावावर स्वतंत्र मालमत्ता असणे ही सर्रास आढळणारी गोष्ट नव्हती.

लग्न झाले, मग नांदायला नकार का?

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नवरा दादाजी भिकाजी १९ वर्षांचा, सावत्र वडिलांच्या नात्यातला आणि परिस्थितीने गरीब. दादाजींनी घरजावई म्हणून राहायचे, शिकायचे, त्यांचा खर्च सासरच्यांनी करायचा, असे ठरले होते. म्हणजे नेहमीच्या रीतीच्या उलट मुलगी माहेरीच राहणार आणि जावई घरात येणार.

हा बेत फसला. रखमाबाई वयात आल्यावर गर्भाधानाचा विषय निघाला. डॉक्टर असलेल्या सखाराम अर्जुन यांनी इतक्या कोवळ्या वयात त्याला परवानगी दिली नाही. दादाजींना हे रुचले नाही. विशीत शाळेत बसणेही त्यांना जड गेले. ते शिक्षण सोडून मामाच्या, नारायण धुरमाजी यांच्या घरी राहायला गेले. त्या घरातले वातावरण चांगले नव्हते. पुढे दादाजी कर्जात बुडाले, आजारीही पडले. रखमाबाईंनी त्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला आणि सावत्र वडील त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

शाळा सुटलेली मुलगी शिकली कशी?

लग्नानंतर शाळा सुटली, पण वाचन सुटले नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके मिळत, ती वाचून रखमाबाई घरीच शिकल्या. याच मिशनच्या शिक्षणसंस्थेतून आजचे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. घरी सुधारक मंडळींची ये-जा असे. त्यांची बोलणी कानावर पडत. हळूहळू इंग्रजी इतके पक्के झाले की त्या थेट इंग्रजी वृत्तपत्रासाठी लिहू लागल्या.

१८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत ‘टाइम्स ऑफ इंडिया’मध्ये एका हिंदू स्त्रीच्या नावाने दोन पत्रे छापून आली. बालविवाहाने मुलीचे शिक्षण आणि आयुष्य कसे खुंटते, लादलेल्या वैधव्यात तिचे काय होते, हे त्यांत स्वानुभवातून मांडले होते. लिहिणारी कोण, हे नंतर उघड झाले. त्या रखमाबाई होत्या.

खटला नेमका काय होता?

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत डॉ. सखाराम अर्जुन यांना नोटीस पाठवली. रखमाबाईंना आपल्याकडे येण्यापासून अडवू नका, अशी मागणी होती. उत्तरे-प्रत्युत्तरे झाली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. दावा होता वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा. साध्या भाषेत, न्यायालयाने बायकोला नांदायला पाठवावे.

हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता, हे लक्षात घ्यायला हवे. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतला. इंग्रजी राजवटीबरोबर तो इथल्या न्यायालयांत आला आणि हिंदू विवाहांनाही लावला जाऊ लागला.

रखमाबाईंची बाजू अशी होती : लग्न अजाणत्या वयात, संमतीशिवाय झाले, दोघे पती-पत्नी म्हणून कधी एकत्र राहिलेच नाहीत, दादाजींची प्रकृती ढासळलेली आहे, संसार चालवण्याची त्यांची ऐपत नाही. खटला सुरू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. घरातला मोठा आधार गेला.

निकाल आधी बाजूने, मग विरोधात कसा?

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, इंग्लंडमध्ये हा उपाय एकत्र राहून नंतर वेगळ्या झालेल्या सज्ञान जोडप्यांसाठी आहे. इथे संसार सुरूच झालेला नाही, मग पुनर्स्थापना कशाची करायची? लहानपणी लग्न लावलेल्या आणि आता नाही म्हणणाऱ्या तरुणीला जबरदस्तीने पाठवायला ते तयार नव्हते.

निकालावर गदारोळ उठला. सुधारकांनी स्वागत केले, तर न्यायाधीशाने हिंदू विवाहसंस्थेवरच घाव घातला, असे सनातन्यांना वाटले. दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निर्णय रद्द केला. हिंदू विवाह विधी पूर्ण होताच पक्का होतो, पुढे एकत्र राहिले की नाही याने फरक पडत नाही, असे धरून खटला फेरसुनावणीसाठी पाठवण्यात आला. रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला. महिनाभरात नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. २२ वर्षांच्या रखमाबाईंनी तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली.

या आदेशात एक मोठी विसंगती होती. ज्या इंग्लंडमधून हा दावा इथे आला, त्या इंग्लंडने असा आदेश मोडल्याबद्दलची तुरुंगवासाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. लंडनच्या बाईला जे भोगावे लागले नसते, ते मुंबईच्या बाईपुढे वाढून ठेवले होते.

त्याच आठवड्यात मराठी घरांत आणखी एका बातमीची चर्चा होती. अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. पहिली मराठी डॉक्टर स्त्री गेल्यानंतर सहाव्या दिवशी पुढे डॉक्टर होणाऱ्या दुसरीला तुरुंग की सासर, एवढेच दोन पर्याय देण्यात आले.

मालमत्तेवरून कोणी काय म्हटले?

खटल्याची कागदपत्रे कायद्याच्या भाषेत असली, तरी बाहेरचे भांडण बरेचसे पैशाभोवती फिरत होते. दादाजींचे म्हणणे, मुलगी सासरी आली तर वडिलांच्या मालमत्तेवर हक्क सांगेल, या भीतीने माहेरचे लोक तिला अडवून ठेवतात. रखमाबाईंच्या बाजूने नेमके उलटे सांगितले जात होते. कर्जबाजारी नवऱ्याला बायकोपेक्षा तिच्याबरोबर येणारी इस्टेट हवी आहे.

१८८७ मध्ये दादाजींनी आपली बाजू छापून प्रसिद्ध केली. रखमाबाईंनी गप्प न बसता तिला छापील उत्तर दिले. नवऱ्याने जाहीर आरोप करावेत आणि बायकोने आपल्या नावानिशी त्यांचा मुद्देसूद प्रतिवाद करावा, हे त्या काळच्या वाचकांना नवीन होते. प्रकरण इंग्लंडच्या वृत्तपत्रांपर्यंत पोहोचले. रुडयार्ड किपलिंगनेही या खटल्यावर कविता लिहिली.

इकडे लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून रखमाबाईंच्या विरोधात भूमिका घेतली. इंग्रजी शिक्षणाने मुली धर्मापासून दूर जातात, याचे हे उदाहरण असल्याची त्यांची मांडणी होती. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी, एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य वर्ड्सवर्थ आदींनी रखमाबाईंच्या मदतीसाठी समिती उभी केली.

मालमत्तेने दोन्ही टोकांना काम केले. रखमाबाई निर्धन असत्या तर दादाजींनी इतकी वर्षे कोर्टाचा खर्च सोसला असता का, असा प्रश्न पडतो. आणि डोक्यावर स्वतःचे छप्पर, पाठीशी जाणते माहेर नसते तर रखमाबाईंना नकार देऊन चार वर्षे कोर्टात टिकताही आले नसते. अशी पाठराखण नसलेल्या कितीतरी मुली त्याच वयात मुकाट्याने सासरी जात होत्या. त्यांची नोंद कुठल्याच निकालपत्रात नाही.

दोन हजार रुपयांत काय सुटले, काय नाही?

जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन आदेशाच्या अंमलबजावणीचा आग्रह सोडला. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत आणि नांदायलाही गेल्या नाहीत.

पण लग्न मोडले नाही. हिंदू स्त्रीसाठी तेव्हा घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. पुरुषाला दुसरी बायको करण्यास मनाई नव्हती. दादाजींनी दुसरे लग्न केले. कायद्याच्या दृष्टीने रखमाबाई मात्र त्यांच्या पत्नीच राहिल्या. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषांच्या बहुपत्नीत्वाला १९४६ मध्ये बंदी आली आणि हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये झाला. तेव्हा रखमाबाईंनी ऐंशी ओलांडली होती.

कादंबरीतल्या नायिकेला शेवटी इस्टेट आणि नवरा दोन्ही मिळतात. इथे वारसदार मुलीला स्वतःच्या सुटकेची किंमत रोख मोजावी लागली आणि सुटकाही अर्धीच झाली.

पुढे रखमाबाईंनी काय केले?

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिले. इंग्लंडमधल्या स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या मंडळींनीही मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षण घेऊन आणि १८९४ मध्ये ब्रसेल्सची एम.डी. मिळवून त्या भारतात परतल्या.

सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ काम केले. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयाची जबाबदारी घेतली आणि तिथूनच १९२९-३० च्या सुमारास निवृत्त झाल्या. परपुरुषाकडून तपासून घेणे अशक्य असलेल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर असणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदापद्धती संपवण्याची गरज सांगणारा लेखही लिहिला. ज्या मुलीला नांदायला पाठवण्यासाठी उच्च न्यायालय कामाला लागले होते, तिने पस्तीसेक वर्षे दुसऱ्यांच्या लेकी-सुनांची बाळंतपणे आणि आजारपणे सांभाळली.

रखमाबाईंना अनेकदा पहिल्या भारतीय महिला डॉक्टर म्हटले जाते. पदवीचा मान आधी आनंदीबाई जोशी आणि कादंबिनी गांगुली यांच्याकडे जातो. कादंबिनींनी कलकत्त्यात व्यवसायही केला. प्रत्यक्ष रुग्णसेवा केलेल्या अगदी पहिल्या काही भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी एक, हे रखमाबाईंचे नेमके वर्णन ठरेल. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत त्यांचे मुंबईत निधन झाले. मोहिनी वर्दे यांनी ‘डॉ. रखमाबाई : एक आर्त’ हे त्यांचे चरित्र लिहिले. २०१६ मध्ये अनंत महादेवन यांनी त्यांच्यावर मराठी चित्रपट केला.

खटल्याने कायदा बदलला का?

लगेच नाही. मात्र मलबारींनी १८८४ पासून पेटवलेल्या बालविवाहाच्या वादाला या खटल्याने चेहरा दिला. त्यानंतर कलकत्त्यात फुलमणी नावाच्या अल्पवयीन विवाहितेचा नवऱ्याच्या बळजबरीने मृत्यू झाला आणि देश हादरला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर गेले. त्यालाही कडाडून विरोध झाला होता.

नांदायला न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद विसाव्या शतकात निघाली. दावा मात्र टिकला. स्वतंत्र भारताच्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो आला आणि ज्या १९५५ च्या मे महिन्यात हा कायदा लागू झाला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रखमाबाई गेल्या. इंग्लंडने हा दावा १९७० च्या कायद्याने मोडीत काढला.

आज याचा संबंध काय?

कलम ९ नुसार पती किंवा पत्नी, कोणीही असा दावा करू शकते. आदेश पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले होते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. २०१९ मध्ये त्याला पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, असा आदेश असूनही पत्नी नांदायला गेली नाही, एवढ्याच कारणाने तिची पोटगी आपोआप नाकारता येणार नाही. तिच्याकडे न जाण्याचे सबळ कारण आहे का, ते पाहावे लागेल. १८८७ मध्ये रखमाबाईंचे मागणे फारसे वेगळे नव्हते.

वारशाचा मुद्दाही जुना झालेला नाही. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलींना वाटा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने आणले. कागदावर आज प्रत्येक मुलगी वारसदार आहे. तरीही चाळीचा पुनर्विकास निघाला किंवा गावची जमीन विकायची वेळ आली की बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते आणि माहेर तुटू नये म्हणून अनेकजणी सही करतात.

वारसदार नायिकेची कादंबरी वाचताना तिच्या दागिन्यांकडे आणि नायकाच्या घोड्याकडे लक्ष जाणे साहजिक आहे. रखमाबाईंची गोष्ट माहीत असली की वाचकाला आणखी दोन प्रश्न सुचतात. तिच्या नावावरच्या पैशाचे काय करायचे, हे कोण ठरवते? आणि तिने नाही म्हटले, तर तिच्या पाठीशी कोण उभे राहते?